खालची डावी दाढ

"भाषणाला उभा राहिलो की वरची कवळी खाली सरकते हो, बिर्कबाई. लोक टक लावून बघतात, ते भाषण ऐकायला की दात पडायची वाट बघत, काही कळत नाही बघा."

गेबहार्ट मॉक खुर्चीत मान मागे टाकून कुरकुरत होता आणि ओटिली बिर्क त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर उभी राहून ऐकत होती. मग तिने दोन बोटं त्याच्या तोंडात घातली. समोरच्याला गप्प करायची तिच्या धंद्यात ही एवढी एकच सभ्य रीत होती, आणि या एका माणसावर ती रीत ती जरा सढळ हाताने वापरायची.

मॉकचं चौकात लोखंडी सामानाचं दुकान होतं. खिळे, बिजागऱ्या, दुधाच्या किटल्या. शिवाय गेली सात वर्षं तो पक्षाचा गावप्रमुख. कुणी खिडकीत झेंडा लावला, कुणी नाही, पावाच्या रांगेत कोण काय बोललं, हे सगळं त्याच्या कानावर जायचं. तिथून पुढे कुठे जायचं, ते विचारायची कुणाची प्राज्ञा नव्हती.

ओटिलीची राजवटीविरुद्धची लढाई या माणसाच्या टाळूवर चालली होती. कवळी तिने केसभर सैल ठेवली होती. पाच मिनिटांपेक्षा जास्त गर्जना केली की ती सुटायची, त्यामुळे आजूबाजूच्या गावांपेक्षा इथली भाषणं आखूड असत. रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकले की तिला वाटायचं, चला, आपणही काहीतरी करतोय. पण देवासमोर खोटं बोलणं कठीण. तिथेच तिला हेही आठवायचं की कवळी सैल झाली ती त्या दिवशी साच्याचं प्लास्टर जुनं निघालं म्हणून. लढाई तिने मागाहून ठरवली होती.

दुसरा पराक्रम सलामाचा. हात उंचावून 'हाइल' करायची वेळ आली की तिच्या हातात नेमकं कालवलेल्या प्लास्टरचं भांडं असायचं. प्लास्टर लवकर घट्ट होतं, ते ढवळत राहावं लागतं, हे आता गावाला पाठ झालं होतं. कधीकधी भांड्यात नुसती कणीक असायची.

"बसेल नीट हळूहळू," तिने बोटं बाहेर काढत सांगितलं. "टाळूला सवय व्हायला वेळ लागतो."

"तीन वर्षं झाली!"

"तुमची टाळू जरा हट्टी आहे, मॉकसाहेब."

मॉक हसला. हे एक वाईट होतं, तो हसायचा. बूट आपटत बाहेर पडताना बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या नोटबुर्गा हायगिसला बघून थबकला आणि त्याने टोपी काढली.

"कळलं आन्सेल्मचं. वाईट झालं. पण सुटला बिचारा, असंच म्हणायचं."

नोटबुर्गाने त्याच्याकडे असं बघितलं, जसं रस्त्यात आडव्या उभ्या असलेल्या गाडीकडे बघतात. जाईल तेव्हा जाईल. तो गेला. मग तिने उठून दाराला आतून कडी घातली आणि रुमालाची पुरचुंडी ओटिलीच्या कामाच्या टेबलावर सोडली.

आत कवळी होती. वरची आणि खालची, दोन्ही.

ओटिलीला आपण कोरलेला नंबर बघायची गरज नव्हती, तरी तिने उलटी करून बघितला. आपलं काम ती मढ्याच्या तोंडातही ओळखेल, असं ती नेहमी म्हणायची. आज ते आठवून तिला जीभ चावावीशी वाटली.

आन्सेल्म हायगिसला लहानपणापासून फेफरं यायचं. बारा वर्षं तो डोंगरापलीकडे सिस्टरांच्या आश्रमात राहत होता, टोपल्या विणायचा. पडून पडून निम्मे दात तुटले, उरलेले किडले. दोन वर्षांपूर्वी सिस्टरांनी सगळे उपटून घेतले आणि ओटिलीने त्याला पूर्ण कवळी करून दिली. एरवी फिट आली तर घशात जाईल म्हणून ती डबीत असायची. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी आई भेटायला आली की तो ती घालून बसायचा, आणि ती परत जाईपर्यंत अखंड हसत राहायचा. एवढे दात आहेत तर दाखवायला नकोत?

"डबीत मागे राहिली होती, सिस्टरांनी आणून दिली. आता हे वाच," नोटबुर्गा म्हणाली. "मला फादरनी वाचून दाखवलंय. पण तू वाच."

पत्र टंकलेलं, कुठल्याशा लांबच्या, कधी नाव न ऐकलेल्या रुग्णालयाचं होतं. आपणांस कळविण्यास अत्यंत खेद होतो की वरिष्ठांच्या आदेशान्वये येथे हलविण्यात आलेले आपले चिरंजीव दिनांक बावीस ऑक्टोबर रोजी निधन पावले. खालील डाव्या दाढेस गळू होऊन रक्तात विष भिनले. सर्व वैद्यकीय प्रयत्न निष्फळ ठरले. साथीच्या भीतीमुळे पार्थिवाचे तातडीने दहन करणे भाग पडले. रक्षापात्र हवे असल्यास कळवावे.

"खालची डावी दाढ," नोटबुर्गा म्हणाली. "कुठली ग, ओटिली? तू त्याच्या तोंडात हात घातला होतास. कुठली खालची डावी दाढ?"

आता इथे एखाद्या करारी बाईने काय केलं असतं ते ओटिलीला चांगलं माहीत होतं. ती म्हणाली, "एखादं मूळ आत राहिलं असेल."

"राहिलं होतं?"

ओटिलीने कपाटाकडे बघितलं. तिथे गावातल्या सगळ्या बोळक्या तोंडांचे प्लास्टरचे साचे ओळीने मांडलेले होते, प्रत्येकावर नाव आणि तारीख. आन्सेल्मच्या हिरड्या तिसऱ्या फळीवर होत्या. मुळं राहिली असतील तर कवळी टोचते, म्हणून तिने त्या हिरड्या अंगठ्याने इंच इंच दाबून बघितल्या होत्या. त्याला गुदगुल्या झाल्या होत्या.

"नाही," ती म्हणाली. "नव्हतं राहिलं."

"मग हेच लिहून दे. तुझ्या छापील कागदावर, सही आणि शिक्का. जिल्ह्याच्या कोर्टात एक न्यायाधीश आहेत, वेड्या-आजाऱ्यांचे पालक म्हणून त्यांच्याकडे कागद असतात. तिथे देणार आहे मी. मी नुसती गेले तर म्हणतील, म्हातारी रडतेय. तुझा कागद रडणार नाही."

"उद्या देते," ओटिली म्हणाली. आणि मग, आपलं आपल्यालाच कमी वाटून, "नाहीतर परवा."

परवापर्यंत तिने चार कागद खराब केले. पहिल्यावर लिहिलं, 'माझ्या आठवणीप्रमाणे रुग्णाच्या तोंडात बहुधा दात नसावेत.' वाचून तिला स्वतःचीच कीव आली. दुसऱ्यावर सगळं बरोबर उतरलं, फक्त सही राहिली. तिसऱ्यावर सही होती, पण असली की कोर्टात तिची तिलाही वाचता आली नसती. चौथ्यावर शाई सांडली, आणि ती सांडली की सांडवली, यावर तिने पुढे फार विचार केला नाही.

भीती काही उगाच नव्हती. पलीकडच्या गावातल्या एका शिंपिणीने रांगेत म्हटलं होतं की करड्या रंगाच्या बस भरून माणसं नेतात आणि रिकामी बस आणतात. एवढंच. तिच्या दुकानाला उन्हाळ्यापासून कुलूप होतं. ती कुठे आहे, हे तिच्या नवऱ्याला कुणी सांगत नव्हतं.

शेवटी ओटिली फादर एंगस्टलरांकडे निघाली. जायचं कारण स्वच्छ होतं, फादरनी 'नको' म्हणावं. धर्मगुरूने नको म्हटल्यावर बाईमाणसाने काय करायचं?

वाटेत लिओबा मॉक भेटली, गेबहार्टची बायको. भली बाई. लग्नात नवऱ्याबरोबर जे पदरात पडलं ते तिने निमूट सांभाळलं होतं. तिच्या मेलेल्या बहिणीची मुलगी आफ्रा त्याच सिस्टरांकडे होती. एकोणीस वर्षांची, जन्मापासून बहिरी-मुकी, आश्रमाच्या कोंबड्या सांभाळायची.

"ओटिली, जरा विचारायचं होतं," लिओबाने बाही धरली.

"विचार की."

लिओबाने मागे बघितलं, पुढे बघितलं. "यंदा प्लमचा मुरंबा नीट बसलाच नाही ग. तुझा बसला?"

"साखर कुठेय पुरेशी? पातळच राहिला."

"हो ना. पातळच."

लिओबाने बाही सोडली नव्हती. "सिस्टरांनी पत्र पाठवलंय," ती एका दमात म्हणाली. "आफ्राला चार दिवस घरी न्या, गुरुवारच्या आत न्या, म्हणे. गुरुवारीच का ग?"

"पाहुणे येणार असतील त्यांच्याकडे," ओटिली म्हणाली.

पुढची शंभर पावलं ती स्वतःला काय काय म्हणाली, ते इथे लिहिण्यासारखं नाही. पाहुणे! नोव्हेंबरात, युद्धात, डोंगरावर!

फादर एंगस्टलर स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सुरी खाली ठेवली.

"तुला मी नको म्हणायला हवंय."

"तसं नाही, फादर..."

"तसंच आहे. या आठवड्यात माझ्याकडे नको ऐकायला आलेली तू चौथी. आणि मला नको सांगायला कुणी नाही, बिशप फार लांब राहतात." ते बटाट्याकडे बघत राहिले. "या शरदात तीन रक्षापात्रं पुरली मी, ओटिली. पहिल्याला म्हटलं, शांत झाला. दुसरीला म्हटलं, गेली. तिसऱ्याच्या वेळी तोंडात आलं, देवाने नेलं. अन् तिथे खोकला आला मला. देवाने काही नेलं नाही, हे देवासमोर उभं राहून कसं झाकायचं?"

"मग तुम्हीच का नाही बोलत प्रवचनात?"

"कारण मी भित्रा आहे," फादर म्हणाले. "बटाटे घेऊन जातेस चार?"

ती बटाटे घेऊन घरी आली. आणि आता जे झालं ते सांगायला ती पुढेही कायम लाजणार होती, कारण त्यात सदसद्विवेकाचा भाग थोडाच होता. नोटबुर्गाने तिच्याकडे ठेवलेलं ते पत्र तिने पुन्हा वाचलं. या खेपेस नजर गळू या शब्दावर अडकली. माझी कवळी घालणाऱ्याला गळू? माझी? फिडेल गेल्यावर, म्हणजे तिचा नवरा गेल्यावर, ती हे काम कुणी न शिकवता शिकली होती; त्याच्या वह्या वाचून, मेण जाळून, बोटं भाजून. बाईच्या हातची कवळी म्हणून लोक पहिली दोन वर्षं शहरात जायचे. अकरा वर्षांत तिच्या कामाखाली एका हिरडीला साधी जखम झाली नव्हती. मॉक सोडला तर एक तक्रार नव्हती. आणि कुठल्या तरी खोलीत बसलेला कुठला तरी लिपिक, यादीतून एक आजार उचलून, माणसाला तोंड होतं की नाही तेही न बघता, तिच्या कवळीखाली गळू लिहितो!

तिच्या कानशिलाच्या शिरा तडतडल्या. माणूस मारला, याने ती चार दिवस थरथरत होती. तिच्या कामाला नाव ठेवलं, याने पाच मिनिटांत उठली. हसावं की रडावं कळेना, तेव्हा तिने लिहून टाकलं. तारीख, नंबर, वरच्या जबड्यात नैसर्गिक दात एकही नाही, खालच्यात एकही नाही, मुळे शिल्लक नाहीत, साचा माझ्याकडे पाहण्यास उपलब्ध. सही अशी केली की आंधळ्याला बोटाने वाचता यावी. शिक्का मारला. मग ती रुग्णांच्या खुर्चीत जाऊन बसली.

पाकीट नोटबुर्गाच्या हातात दिलं की आपण सुटलो, असा तिचा हिशेब होता.

मंगळवारी सकाळी आन्सेल्मचं रक्षापात्र पुरलं. फादरनी नुसतं नाव घेतलं, आधी-नंतर काही जोडलं नाही. मग सगळे नेहमीप्रमाणे चर्चसमोरच्या खानावळीत जमले. बार्लीची कॉफी आणि वेणीसारखा गुंफलेला गोड पाव. तीस-एक माणसं होती. लिओबाही होती, मॉकने तिला पाठवलं होतं, दुःखात सहभागी व्हायला आणि कोण कोण आलं ते बघून यायला. तो स्वतः जिल्ह्याच्या बैठकीला गेला होता.

त्या गावची एक जुनी रीत होती. मयताच्या जेवणात घरच्यांपैकी एकाने उठून शेवटचं आजारपण सांगायचं. ताप कधी भरला, पाणी कधी मागितलं, शेवटचा शब्द कुठला. लोक मान हलवत ऐकायचे, बायका डोळे पुसायच्या, आणि ते सांगून झाल्याशिवाय टेबलावरून कुणी उठायचं नाही. पण या शरदातल्या तिन्ही मयतांत सांगायला आजारपणच नव्हतं. कुणी बघितलं नव्हतं, कुणी जवळ नव्हतं. त्यामुळे कसं उठायचं तेच लोकांना कळेनासं झालं होतं. गेल्या वेळी सगळे अंधार पडेस्तोवर हवापाण्याच्या गप्पा मारत बसले, मग कुणाला तरी गाईची धार आठवली.

आजही तेच चाललं होतं. रस्ते निसरडे झालेत. कोळसा मिळत नाही. पाव मऊ झालाय हो, अंडी कुठून आणलीत?

नोटबुर्गाने कपावर चमचा वाजवला.

"आन्सेल्मचं शेवटचं आजारपण ओटिली सांगेल," ती म्हणाली आणि पाकिटातून कागद काढून टेबलावरून सरकवला. "मला चष्म्याशिवाय दिसत नाही."

चष्मा तिच्या नाकावर होता.

ओटिली उठली. आपण कोर्टासाठी लिहिलंय, खानावळीसाठी नाही, असं सांगायचं तिच्या अगदी ओठांवर आलं. तीस तोंडं तिच्याकडे बघत होती, त्यातल्या अकरांतले दात तिने केलेले. तिने वाचलं. वरच्या जबड्यात एकही नाही. खालच्यात एकही नाही. मुळे शिल्लक नाहीत. मग नोटबुर्गाने दुसरा कागद पुढे केला, तोही तिने वाचला. खालील डाव्या दाढेस गळू.

कुणीतरी बशीतला चुरा बोटाने गोळा करत होतं.

"लिहिण्यात चूक झाली असेल," बेकरीवाला म्हणाला. "एवढी धावपळ, युद्ध चाललंय. दुसऱ्या कुणाचा कागद याच्या नावावर..."

"हो, हो, होतं असं," दोघे-तिघे घाईघाईने म्हणाले. एकाने टोपी शोधायला सुरुवात केली.

"म्हणजे काय?"

लिओबा मॉक उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"लिओबा, बस ग," शेजारच्या बाईने तिचा हात ओढला.

"नाही बसत. दात नव्हते तर दाढ कशी पिकली? म्हणजे काय ते मला कुणी सांगा. परवा गुरुवार आहे. गेबहार्ट म्हणतो, एवढ्या थंडीत पोरीला कशाला हलवतेस. बेकरीत विचारलं तर म्हणतात, रस्ता वाईट आहे. ओटिली म्हणते, पाहुणे येणार असतील. मी काही इतकी मूर्ख नाही ग. पण मला कुणी सांगितल्याशिवाय मी त्याच्यासमोर उभी नाही राहू शकत. मी काय करू?"

फादर एंगस्टलरांनी पावाची बशी लिओबापुढे सरकवली. नोटबुर्गा ओटिलीकडे बघत होती. तिच्या नजरेत ना आर्जव, ना धाक.

ओटिलीने आधी हिशेब करून बघितला. ही गावप्रमुखाची बायको. संध्याकाळी ती नवऱ्याला सांगेलच, तिला सांगावंच लागेल. मग त्या शिंपिणीसारखं आपल्याही दुकानाला कुलूप, सगळं किती सरळ होतं. धूर्तपणे बोलायची हजार वाक्यं होती, आणि त्यातलं प्रत्येक वाक्य लिओबाला घरी बसवून ठेवणारं होतं. तिने घसा साफ केला. शूर माणसांचा आवाज खणखणीत असतो असं म्हणतात. तिचा निघाला तो लहान मुलाला 'आ कर बाळा' म्हणताना निघायचा तसा, बारीक आणि थोडा फाटका.

"लिओबा, आन्सेल्मला मारलं. तो आजारी पडला नव्हता. त्याला बसमध्ये घालून नेलं आणि मारलं. तसंच आधीच्या तिघांनाही मारलं. आणि ते इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, मलाही होतं. गुरुवारी आफ्राची पाळी आहे. आत्ता जा आणि तिला घेऊन ये."